पीपी-पॉलिथिनवर शाई टिकत नाही? कोल्ड प्लाझ्मा ट्रीटमेंट कशी करायची, कशी तपासायची

पीपीच्या (पॉलिप्रोपिलीनच्या) डब्यावर लोगो छापला, वाळला, दिसायला एकदम मस्त, आणि नखाने जरा खरवडला तर सालपटासारखा अख्खा निघून आला, हा प्रकार प्लास्टिकवर छपाई करणाऱ्या, स्टिकर लावणाऱ्या, ग्लूने पार्ट जोडणाऱ्या जवळपास प्रत्येकाने बघितलेला असतो. मग पहिला फोन शाईवाल्याला जातो, तो सांगतो हार्डनर वाढवा, दुसरी सिरीज घ्या, प्रायमर मारून बघा, आणि हे सगळं करून झाल्यावरही टेप मारली की शाई टेपवरच. खरं दुखणं बऱ्याच वेळा शाईत नसतंच, ते प्लास्टिकच्या सरफेसमध्ये असतं, आणि त्याच्यावरचा पक्का इलाज म्हणजे प्लाझ्मा, म्हणजे विजेने चार्ज केलेला गॅस, ज्याच्या ट्रीटमेंटला फिल्मच्या धंद्यात सगळे कोरोना ट्रीटमेंट म्हणतात.

हे लिहितोय ते मुख्यतः छोट्या युनिटवाल्यांसाठी, म्हणजे भोसरी, वाळूज, सातपूर, वसई अशा ठिकाणी ज्यांच्याकडे एखादं पॅड प्रिंटिंग किंवा फ्लेक्सो मशीन आहे आणि रिजेक्शनने डोकं उठलंय. मोठ्या कंपन्यांकडे लॅब असते, त्यांचं त्या बघून घेतात. माझं म्हणणं एकच आहे: आधी सरफेस मोजा, मग ट्रीटमेंट करा, मग परत मोजा. अंदाजाने करंट वाढवत गेलात तर पैसे जातात, माल जातो, आणि कारण शेवटपर्यंत कळत नाही.

आत नक्की काय घडतं

घरातली जुनी ट्यूबलाइट आठवा. चालू असताना तिच्या आत प्लाझ्माच असतो, त्यातल्या इलेक्ट्रॉनचं तापमान 10,000 अंशांच्या घरात असतं, तरी काचेला हात लावला तर फार तर कोमट लागते. कारण इलेक्ट्रॉन इतका हलका असतो की तो गॅसच्या जड रेणूवर आपटला तरी त्याला गरम करू शकत नाही, फक्त त्याचे बाँड तोडू शकतो, त्याला चार्ज करू शकतो. इलेक्ट्रॉन प्रचंड तापलेले आणि गॅस मात्र थंडच, या अवस्थेला कोल्ड प्लाझ्मा म्हणतात, आणि प्लास्टिकसाठी हेच सोयीचं, कारण प्लास्टिक न वितळता त्याच्या वरच्या थरात बदल करता येतो.

ट्यूबलाइटच्या आत दाब कमी असतो म्हणून तिथे हे सोपं जातं. उघड्या हवेत हाय व्होल्टेज दिलं की सरळ ठिणगी पडते, एकाच जागी सगळा करंट जातो आणि तिथे भोक पडतं. म्हणून दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये सिरॅमिक, काच किंवा सिलिकॉन रबर असं काहीतरी इन्सुलेटर ठेवतात आणि एसी पुरवठा देतात, मग एका मोठ्या ठिणगीच्या जागी हजारो बारीक बारीक डिस्चार्ज सगळीकडे पसरतात, अंधारात बघितलं तर जांभळट उजेडाची पट्टी दिसते. ही युक्ती जुनी आहे, वर्नर फॉन सीमेन्सने 1857 मध्ये ओझोन बनवायला अशीच नळी वापरली होती, आणि प्लास्टिक फिल्मवर शाई टिकावी म्हणून ती वापरात आणली डेन्मार्कच्या व्हर्नर आइस्बी या इंजिनिअरने, 1951 च्या सुमारास.

प्लास्टिकवर होतं काय, तर पीपी आणि पीई (पॉलिथिन) म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या, त्यांना शाईला धरून ठेवायला काही हातच नाहीत. प्लाझ्मामधले इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजनचे सुटे अणू या साखळ्यांचे वरचे बाँड तोडतात आणि तिथे हवेतला ऑक्सिजन जाऊन बसतो, हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्सिल असे ग्रुप तयार होतात, आणि यांना शाई, ग्लू, लॅकर पकडतो. बदल होतो तो फक्त काही नॅनोमीटरच्या थरात. म्हणजे फिल्मची ताकद, जाडी, पारदर्शकता तशीच राहते, पण एका कापडाने घासलं किंवा घामाचा हात लागला तरी तो थर खराब होऊ शकतो, हे पण त्याच्यातच आलं.

मशीनचं नंतर, आधी मोजमाप

सरफेस किती तयार आहे हे सरफेस एनर्जीने कळतं, ते डाइन प्रति सेंटीमीटरमध्ये सांगतात, शॉपफ्लोअरवर सगळे नुसतं "किती डाइन आहे" असंच विचारतात. ट्रीट न केलेला पीपी 29-30 डाइनच्या आसपास, पीई 31 च्या आसपास, पीईटी (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) 40 च्या वर, आणि टेफ्लॉन जेमतेम 18-20. पाण्याचं सरफेस टेन्शन 72.8. म्हणून पीपीवर पाणी टाकलं की अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन पळतं. द्रव पसरायचा असेल तर खालच्या सरफेसची एनर्जी त्या द्रवाच्या टेन्शनपेक्षा जास्त पाहिजे, आणि छपाईत साधारण नियम असा की शाईपेक्षा 7 ते 10 डाइन वर असावं. सॉल्व्हंट शाईला 36 ते 40, वॉटर बेसला 40 ते 44, यूव्हीला आणि लॅमिनेशनला त्याच्याही वर, असा ढोबळ हिशोब धरा आणि नेमका आकडा शाईच्या डेटाशीटमधून घ्या.

मोजायचं कसं. सगळ्यात स्वस्त म्हणजे पाण्याचा थेंब. डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीत घालायचं मिळतं ते चालतं, ड्रॉपरने एक थेंब ट्रीट न केलेल्या पार्टवर आणि एक ट्रीट केलेल्यावर ठेवा आणि डोळे पार्टच्या लेव्हलला आणून बाजूने बघा. ट्रीट न केलेल्यावर थेंब गोल गरगरीत उभा राहतो, कडा आत वळलेली दिसते, कोन 100 अंशांच्या आसपास असतो. ट्रीट केलेल्यावर तोच थेंब बसका होतो, 50-60 अंशांवर येतो. मोबाइलने बाजूने फोटो काढून ठेवला तर पुढच्या लॉटशी तुलना करता येते. आकडा मिळत नाही पण ट्रीटमेंट झाली का नाही हे हमखास कळतं.

आकडा पाहिजे तर डाइन पेन किंवा डाइन इंक. 30 पासून 2-2 च्या अंतराने सेट मिळतो. खालच्या नंबरने सुरू करा, सरफेसवर एकच सरळ रेघ ओढा, दाबून नाही, आणि मनात दोन सेकंद मोजा. रेघ दोन सेकंद तशीच अखंड राहिली म्हणजे सरफेस त्या नंबरइतका किंवा त्याच्या वर आहे, पुढचं पेन घ्या. रेघ लगेच आकसून थेंब थेंब झाली म्हणजे सरफेस त्याच्या खाली. शेवटचं जे पेन टिकलं तो तुमचा आकडा. रेघेची कड थोडी आत सरकते त्याला घाबरायचं नाही, मधला भाग बघायचा.

इथे लोक काय गडबड करतात ते सांगतो. एकच पेन वर्षानुवर्षं वापरतात, त्याचं टोक तेलकट फिल्मवर फिरून फिरून घाण झालेलं असतं आणि मग ते काहीही दाखवतं, म्हणून एक्सपायरी बघा, आणि जमलं तर पेनऐवजी बाटलीतली इंक आणि दरवेळी नवीन कापसाची काडी वापरा, ते जास्त भरवशाचं. दुसरं, जिथे छापायचंय तिथेच टेस्ट करतात, त्या जागेचं काम गेलं मग. तिसरं, फिल्मच्या मध्यावरच तपासतात, दोन्ही कडांना बघतच नाहीत, आणि इलेक्ट्रोड एका बाजूला जरा तिरका असला की नेमकी तीच कड कमी ट्रीट होते. रोलच्या रुंदीत किमान तीन ठिकाणी बघायचं. आणि या इंकमध्ये बहुतेक वेळा फॉर्मामाइड असतं, ते गर्भवती बाईने अजिबात हाताळू नये, बाकीच्यांनीही ग्लोव्ह्ज घालावेत. फॉर्मामाइड नसलेल्या इंकही मिळतात, महाग पडतात पण युनिटमध्ये बायका काम करत असतील तर त्याच घ्या, यात काटकसर नको.

ट्रीटमेंटच्या आधी सफाई. प्लाझ्मा बोटाच्या ठशासारखा पातळ ऑर्गॅनिक थर जाळू शकतो, पण मोल्डिंगवाल्याने सिलिकॉन स्प्रे मारलेला असेल तर विषय अवघड आहे. सिलिकॉन ऑइल प्लाझ्माखाली जळून जात नाही, त्याचा काचेसारखा कडक थर बनतो, तो डाइन टेस्टमध्ये झकास दिसतो आणि शाईसकट उखडतो. डाइन चांगला आणि तरी टेप टेस्ट फेल, असं दिसलं की पहिला संशय सिलिकॉनवर घ्या आणि मोल्डिंगवाल्याशी बोला. सिलिकॉन नसलेले रिलीज स्प्रे मिळतात.

कुठल्या कामाला कुठलं मशीन

रोलमधली फिल्म असेल तर कोरोना ट्रीटर, दुसरा विचार नको. साधी फिल्म असेल तर इन्सुलेटर रोलवर चढवलेला चालतो, मेटलाइज्ड फिल्म किंवा फॉइल असेल तर फिल्मच करंट वाहून नेते, तिथे सिरॅमिक इलेक्ट्रोडवालं मशीन लागतं.

डबे, बाटल्या, झाकणं, कारचे पार्ट, केबल अशा आकाराच्या वस्तूंना प्लाझ्मा जेट, म्हणजे नोझलमधून कॉम्प्रेस्ड हवा येते, आत डिस्चार्ज असतो आणि बाहेर निळसर जीभ निघते. नोझल रोबोटवर किंवा साध्या स्लाइडवर बसवतात. रिपेअर, सॅम्पलिंग, डेंटल लॅब अशा किरकोळ कामाला हातात धरायचे पिएझोवाले (पिएझो क्रिस्टलने व्होल्टेज बनवणारे) छोटे प्लाझ्मा मिळतात, त्यांचा गॅस इतका थंड असतो की पातळ प्लास्टिकलाही धोका नाही, पण एरिया अगदी छोटा, उत्पादनाला ते पुरणार नाही.

आडव्यातिडव्या आकाराचे, खाचाखोचा असलेले छोटे पार्ट भरपूर असतील, किंवा मेडिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम असेल तर लो प्रेशर चेंबर. व्हॅक्यूम पंपाने दाब 1 मिलीबारच्या खाली आणतात, ऑक्सिजन किंवा आर्गॉन सोडतात आणि काही मिनिटं ठेवतात. सगळीकडे सारखी ट्रीटमेंट होते, पण बॅचचं काम, लाइनवर बसत नाही.

आणि फ्लेम. बाटल्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करणारे बरेच जण एलपीजीच्या ज्योतीवरून बाटली फिरवतात, ते काही गावठी नाही, तीही ऑक्सिडेशनचीच ट्रीटमेंट आहे आणि पीपी-पीईवर चांगली बसते. फक्त हवा थोडी जास्त पाहिजे, ज्योत निळी पाहिजे, पिवळी ज्योत काजळी सोडते, आणि बाटली आतल्या निळ्या सुळक्याच्या टोकाच्या जरा पुढून न्यायची, सुळक्यात घालायची नाही. हे नीट जमत असेल आणि रिजेक्शन नसेल तर प्लाझ्मा घेण्याची घाई करू नका. आकार वेडावाकडा असेल, पातळ भिंत असेल, किंवा कस्टमरला प्रत्येक पार्टचा रेकॉर्ड पाहिजे असेल तेव्हा प्लाझ्मा परवडतो.

टेफ्लॉनसाठी मात्र हवेतला साधा कोरोना जवळजवळ उपयोगाचा नाही. त्याला वेगळ्या गॅसचा प्लाझ्मा किंवा सोडियम एचिंग लागतं, ते बाहेरून जॉबवर्कने करून घेतलेलं बरं.

फिल्मवर पॉवर किती द्यायची

इथे लोक नुसता नॉब फिरवतात. खरं माप आहे दर चौरस मीटरला किती वॅट-मिनिट मिळाले ते, आणि हिशोब शाळेतला आहे: वॅट भागिले (रुंदी मीटरमध्ये गुणिले स्पीड मीटर प्रति मिनिट). समजा फिल्म 600 मिमी रुंद आहे, मशीन 40 मीटर प्रति मिनिट चालतं आणि 20 वॅट-मिनिट प्रति चौरस मीटर द्यायचेत, तर 20 × 0.6 × 40 म्हणजे 480 वॅट. तेच मशीन 80 वर नेलं तर 960 वॅट लागतील. ऑपरेटरने दुपारी टार्गेट गाठायला स्पीड वाढवला आणि पॉवर तशीच ठेवली की संध्याकाळचा माल अर्धाच ट्रीट होतो, आणि हे डोळ्याला अजिबात दिसत नाही, फिल्म आधी जशी दिसते तशीच नंतर दिसते. म्हणून ट्रीटरची पॉवर लाइन स्पीडशी जोडलेली पाहिजे, नवीन मशीन घेताना हे विचाराच.

साध्या ताज्या एलडीपीईला (पिशव्यांच्या मऊ पॉलिथिनला) 10 ते 20 मध्ये भागतं, पीपीला आणि जास्त स्लिप (फिल्म निसरडी करायला मिसळतात तो पदार्थ) असलेल्या फिल्मला त्याच्या वर जावं लागतं. पण हे सुरुवातीचे आकडे आहेत. तुमच्या फिल्मवर 10, 15, 20, 25, 30 असे पट्टे काढा, प्रत्येकाचा डाइन घ्या, आलेख काढा. एका टप्प्यापर्यंत डाइन भराभर वाढतो आणि मग सपाट होतो, तुमचं सेटिंग त्या वळणाच्या जरा अलीकडचं. इलेक्ट्रोड आणि फिल्ममधलं अंतर दीड-दोन मिमी आणि सगळ्या रुंदीत एकसारखं, फिलर गेजने तपासा.

एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे मागची बाजू. फिल्म रोलला नीट चिकटून गेली नाही, सुरकुती पडली किंवा खाली हवा अडकली, की त्या हवेतही डिस्चार्ज होतो आणि फिल्मची उलटी बाजूही ट्रीट होते. मग छापलेला रोल गुंडाळला की वरची शाई मागच्या बाजूला चिकटते आणि उलगडताना उखडते. अशी तक्रार आली तर डाइन पेन उलट्या बाजूला मारून बघा. निप रोलर (फिल्म दाबून धरणारा) नीट दाबतोय का, टेन्शन बरोबर आहे का, ते तिथेच कळतं.

जेटचं सेटिंग

जेटमध्ये तीन गोष्टी: नोझलचं अंतर, सरकण्याचा वेग, आणि एका पट्ट्यावर किती वेळा फिरवलं. अंतर बहुतेक मशीनला 5 ते 15 मिमीच्या मध्ये असतं, वेग प्लास्टिकवर अवलंबून. आर्कवाल्या जेटच्या नोझलच्या तोंडाशी तापमान दोनशे-तीनशे अंश असू शकतं, पार्ट थंड राहतो तो फक्त नोझल सरकत असल्यामुळे. स्लाइड मध्येच अडकली तर एका सेकंदात खड्डा पडतो, म्हणून हालचाल थांबली की प्लाझ्मा आपोआप बंद, असा इंटरलॉक हवाच.

सेटिंग शोधताना अंतर एक ठेवा आणि वेग बदला, मग वेग एक ठेवून अंतर बदला, दोन्ही एकदम बदलू नका. पट्टे एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत, नाहीतर मध्ये ट्रीट न झालेली रेघ राहते. ती दिसावी म्हणून अख्खा पार्ट पाण्यात बुडवून सरळ वर काढा: ट्रीट झालेल्या भागावर पाण्याचा सलग पडदा राहतो आणि सुटलेल्या जागी पडदा फाटतो, नकाशाच मिळतो म्हणा ना.

आणि कॉम्प्रेसर! जेटला येणाऱ्या हवेत तेल आणि पाणी असेल तर तुम्ही पार्टवर तेलाचा फवारा मारताय. ऑइल फिल्टर, ड्रायर लावा, पावसाळ्यात ड्रेन रोज सोडा. कोकणपट्टीतल्या आणि मुंबईच्या आसपासच्या युनिटना जून ते सप्टेंबर हा त्रास फार होतो, सकाळी पहिल्या पाळीचा माल खराब निघतो आणि दुपारनंतर आपोआप सुधारतो, तर आधी एअरलाइन बघा.

जास्त केलं तर चांगलं होत नाही

डाइन 38 पुरत असेल तर 50 वर नेण्यात शहाणपणा नाही. पीपीमध्ये जास्त ट्रीटमेंटने साखळ्यांचे तुकडे पडतात आणि सरफेसवर सुट्या छोट्या तुकड्यांचा थर जमतो. शाई त्या तुकड्यांना धरते, तुकडे मात्र खालच्या प्लास्टिकला धरत नाहीत, म्हणजे डाइन वर आणि पकड खाली. फिल्मचे थर एकमेकांना चिकटतात, पाऊचचं हीट सीलिंग बिघडतं, आणि पातळ फिल्मला बारीक भोकं पडतात जी पॅकिंगमध्ये नंतर गळतात.

म्हणून शेवटचा निकाल डाइनवर द्यायचा नाही. डाइन म्हणजे शाई पसरेल का एवढंच, टिकेल का ते टेपच सांगते. शाई पूर्ण वाळल्यावर, दोन घटकांची असेल तर शाईवाल्याने सांगितलेले तास थांबून, ब्लेडने आडवे-उभे काप द्या, चौकटी तयार करा, चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकटी किती उडाल्या ते बघा. दरवेळी तीच टेप आणि तोच माणूस असला तर निकाल तुलना करण्यासारखे येतात.

किती दिवस टिकते

ट्रीटमेंट कायमची नसते. फिल्ममध्ये एरुकामाइडसारखे स्लिप मिसळलेले असतात, ते हळूहळू वर येऊन ट्रीट झालेला थर झाकतात. शिवाय प्लास्टिकच्या साखळ्या स्वतःच फिरून ते ऑक्सिजनचे ग्रुप आत वळवतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला रोल थंड जागेतल्या रोलपेक्षा लवकर उतरतो. म्हणून फिल्म बनतानाच ट्रीट करतात, ताज्या फिल्मवर ती सहज बसते, आणि छपाईच्या आधी मशीनवर पुन्हा हलकी ट्रीटमेंट देतात. पण मुळात ट्रीटच न केलेली जुनी स्लिपवाली फिल्म आणून नंतर कितीही पॉवर दिली तरी फार काही हाती लागत नाही. रोल घेताना ट्रीटमेंटची तारीख आणि डाइन लिहून घ्या, आणि उतरवून घेतानाच पेन मारा, चार दिवसांनी नाही.

मोल्डेड पार्ट शक्यतो ट्रीट केल्याकेल्या छापा. मध्ये ठेवायचेच असतील तर स्वच्छ पिशवीत, पावडर नसलेले ग्लोव्ह्ज घालून. किती वेळ चालेल ते स्वतः काढा: एकदम ट्रीट केलेले पार्ट ठेवा आणि त्यातले लगेच, तासाने, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने छापून टेप मारा. तुमच्या मटेरियलचं उत्तर तिथेच आहे.

ओझोन आणि हाय व्होल्टेज

ट्रीटर चालू असताना तो जो तिखट, वीज पडल्यानंतर येतो तसा वास येतो तो ओझोनचा. अगदी कमी प्रमाणातही तो नाकाला कळतो, पण थोड्या वेळाने नाक सवयीचं होतं आणि वास जाणवेनासा होतो, म्हणून "आता वास येत नाही" यावर विसंबू नका. 8 तासांच्या कामासाठी 0.1 पीपीएम ही मर्यादा धरतात. त्याच्या वर खोकला, छातीत जळजळ, दम्याच्या माणसाला तर फारच त्रास. ट्रीटरला स्वतःचा एक्झॉस्ट पाहिजे, डक्ट छताच्या वर सोडलेला, आणि ब्लोअर चालू नसेल तर ट्रीटर चालूच होऊ नये अशी वायरिंग. सोबत नायट्रोजन ऑक्साइडही बनतात, आणि एक्झॉस्ट बंद असला की मशीनचे लोखंडी भाग गंजायला लागतात, रबराच्या वस्तूंना चिरा पडतात. ही खूण शेडमध्ये कुठे दिसली तर आधी ब्लोअर तपासा.

व्होल्टेज हजारोंमध्ये असतं. अर्थिंग स्वतंत्र आणि मोजलेलं, गार्ड उघडलं की सप्लाय बंद, इलेक्ट्रोड साफ करायच्या आधी डिस्चार्ज रॉड लावायचा. पेसमेकर असलेल्या माणसाला जवळ येऊ देऊ नका. आणि सॉल्व्हंटची वाफ जिथे साचते तिथे ट्रीटर ठेवायचा नाही, हे प्रिंटिंगवाल्यांना वेगळं सांगायला नको पण जागा कमी म्हणून नेमकं तेच केलेलं दिसतं. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून घरी प्लाझ्मा बनवायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका, त्या ट्रान्सफॉर्मरचा एक झटका जीव घेतो.

बाकी कुठे वापरतात

हॉस्पिटलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा स्टरिलायझर असतात, 50 अंशांच्या आसपास काम होतं म्हणून एंडोस्कोप, कॅमेरा अशी उष्णता न सोसणारी उपकरणं त्यात टाकतात. सीएसएसडीत (हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात) काम करणाऱ्यांनी दोनच गोष्टी पाळल्या तरी निम्म्या सायकल रद्द व्हायच्या वाचतील: उपकरण आतून-बाहेरून पूर्ण कोरडं, आणि कागद, कापूस, सुती कापड आत अजिबात नाही, कारण ते पेरॉक्साइड शोषून घेतं. नळीवाल्या उपकरणांना लांबी आणि व्यासाची मर्यादा असते, ती मशीनच्या चार्टवरच बघायची.

जखमांवर वापरायची प्लाझ्माची उपकरणं जर्मनीत 2013 पासून मान्यता घेऊन वापरात आहेत, भरत नसलेल्या जुन्या जखमांसाठी, डॉक्टरच्या हातून. पार्लरमध्ये जे प्लाझ्मा पेन वापरतात ते त्वचेवर बारीक ठिणगीने डाग देऊन भाजतं, ते उपकरण वेगळं आणि धोका वेगळा.

बियाणं आणि अन्नावर संशोधन जोरात आहे, माटुंग्याच्या आयसीटीमध्येही (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) यावर काम झालंय. बियांच्या सालीवर पाणी पटकन पसरतं, वरची बुरशी कमी होते, पण वेळ जास्त झाला की उगवण घटते. कोणी मशीन विकायला आलं तर त्याच लॉटमधल्या अर्ध्या बिया ट्रीट न करता शेजारी पेरून दाखवायला सांगा. आणि गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चने अंगोरा लोकरीसाठी हवेतल्या प्लाझ्माचं मशीन बनवलंय, अंगोराचे तंतू इतके गुळगुळीत असतात की सूत कातताना गळतात, प्लाझ्माने ते थोडे खरबरीत होतात आणि एकमेकांना धरतात. याच संस्थेचं उद्योगांसाठी वेगळं केंद्र आहे, मोठी गुंतवणूक करायच्या आधी त्यांना विचारायला हरकत नाही.

मशीन घ्यायच्या आधी ट्रायल

बहुतेक मशीनवाले सॅम्पलवर ट्रायल करून देतात, पण सॅम्पल नीट पाठवा. कॅटलॉगमधला चकचकीत पार्ट नको, रोजच्या प्रॉडक्शनमधला, तोच मास्टरबॅच (रंगाचे दाणे), तेच रीग्राइंड (दळून परत वापरलेलं प्लास्टिक), तोच रिलीज स्प्रे असलेला पाठवा, आणि सगळ्यात जास्त रिजेक्ट झालेल्या लॉटमधलेही थोडे घाला. शाई किंवा ग्लू पण सोबत द्या. काही पार्ट ट्रीट न करता तसेच परत मागा, म्हणजे प्रवासात सरफेस बदलला का ते कळेल. त्यांच्याकडून अंतर, वेग, पॉवर, हवेचा दाब हे आकडे लेखी घ्या, नुसतं "रिझल्ट ओके" नको. ट्रायलला शक्यतो स्वतः जा, स्वतःचं डाइन पेन आणि टेप घेऊन जा, आणि तिथेच काप देऊन टेप ओढा. त्यातले थोडे पार्ट घरी आणा, एका बॅचला गरम पाण्यात टाका, एका बॅचला उन्हात ठेवा, डबा असेल तर भांडी घासायच्या लिक्विडने रोज घासा, कारण तुमच्या गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात त्या लोगोचं तेच होणार आहे. पंधरा दिवसांनी परत टेप मारा, आणि त्यानंतरच ऑर्डरचं बोला.